गल्ल्याची वही: विल्यम डनलॅपच्या नाटक कंपनीचं प्रकरण

आधी थोडं

हे प्रकरण सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं, न्यूयॉर्कमधलं. विल्यम डनलॅप म्हणजे नाटककार, नाटक कंपनीचा मालक, चित्रकार आणि अमेरिकन रंगभूमीचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा माणूस. तिकडे त्याला अमेरिकन नाटकाचा जनक वगैरे म्हणतात, पण मी अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. हा माणूस दिवसा नाटक लिहायचा, रात्री गल्ला मोजायचा, आणि ह्या दोन कामांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. आमच्या हौशी ग्रुपचा हिशोब गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, हॉलचं भाडं, लाइटवाला, टेम्पो, चहा, त्यामुळे प्रयोगाच्या आदल्या दिवशी बुकिंग बघून पोटात गोळा येतो तो मला चांगला माहितीय, आणि म्हणून त्याचे आकडे मी परत परत वाचले.

पार्श्वभूमी

जन्म फेब्रुवारी १७६६, न्यू जर्सीतलं पर्थ अम्बॉय. बाप आयरिश, ब्रिटिश सैन्यातून आलेला, पुढे दुकानदार झालेला, आणि स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूचा, म्हणून १७७७ मध्ये कुटुंब इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कला राहायला गेलं. तिथे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी जॉन स्ट्रीटच्या थिएटरात हौसेने नाटकं करायचे आणि हा अकरा-बारा वर्षांचा पोरगा ती बघायचा. १७७८ मध्ये खेळता खेळता कुणीतरी फेकलेलं सरपणाचं लाकूड उजव्या डोळ्यावर बसलं आणि त्या डोळ्याची नजर कायमची गेली. तरी निघाला चित्रकार व्हायला. सतराव्या वर्षी, १७८३ मध्ये, रॉकी हिलला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचं पोर्ट्रेट काढलं, पुढच्या वर्षी बापाने लंडनला बेंजामिन वेस्टकडे शिकायला धाडलं, आणि तिथल्या तीन वर्षांत चित्रं कमी आणि नाटकंच जास्त झाली. हे त्याने म्हातारपणी स्वतः कबूल केलंय, जरा हळहळून.

१७८७ ला परत आला तर गावात रॉयल टायलरच्या 'द कॉन्ट्रास्ट'चा बोलबाला. अमेरिकन माणसाने लिहिलेलं, अमेरिकन माणसांवरचं विनोदी नाटक आणि तेही धंदेवाईक कंपनीने केलेलं, म्हणजे हे जमू शकतं हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. लगेच एक नाटक लिहिलं, कंपनीने घेतलं पण स्टेजवर आणलंच नाही, कारण मालक नट आणि त्याची बायको ह्या दोघांनाही त्यात साजेशा भूमिका नव्हत्या. (हे वाचून आपल्याकडच्या कुणालाही काही सांगावं लागू नये.) दुसरं, 'द फादर', १७८९ च्या सप्टेंबरात लागलं आणि चाललं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या 'डार्बीज रिटर्न' ह्या छोट्या खेळाला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः बॉक्समध्ये बसलेले, आणि स्टेजवरचा डार्बी त्यांच्याबद्दलच बोलायला लागला तशी सगळ्या थिएटरची नजर त्यांच्या तोंडाकडे, ते पार अवघडलेले, आता हा आपली स्तुती करत सुटणार म्हणून. पण डार्बी म्हणतो की मी त्यांना पाहिलंच नाही, आणि वॉशिंग्टन मोकळेपणी हसतात. प्रेक्षकांत बसलेल्या माणसाची नाडी ह्या लेखकाला कळत होती, एवढं ह्यातून दिसतं.

१७९१ मध्ये बाप गेला. दुकान, मिळकत, घर सगळं ह्याच्याकडे आलं. लग्न झालेलं, मुलंबाळं, शिवाय संध्याकाळी फ्रेंडली क्लब नावाची मित्रांची बैठक, त्यात डॉक्टर एलिहू हबर्ड स्मिथ, कादंबरीकार चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन असे लोक. आणि पहिल्यापासूनच रोजनिशी. ही रोजनिशी लक्षात ठेवा.

अडचण कुठून सुरू झाली

१७९६ मध्ये डनलॅपने ओल्ड अमेरिकन कंपनीत चार आण्यांची भागी विकत घेतली. बाकीचे भागीदार दोन, लुईस हॅलम (धाकटा) आणि जॉन हॉजकिन्सन. हॅलम जुना, बापाच्या वेळेपासून कंपनीत. हॉजकिन्सन म्हणजे गावाचा लाडका हिरो, काहीही करू शकणारा नट, आणि प्रत्येक मोठी भूमिका आपल्यालाच हवी असणारा. दोघांचं अजिबात पटत नव्हतं, त्यात हॅलमच्या बायकोचं पिणं आणि तिला स्टेजवर येऊ द्यायचं की नाही हा वाद. १७९७ च्या वसंतात एका रात्री तर भर प्रयोगात हॅलमची माणसं हॉजकिन्सनला हुर्यो करतायत आणि हॅलमबाई काळ्या पोशाखात स्टेजवर येऊन प्रेक्षकांपुढे आपली कैफियत वाचून दाखवतायत असा प्रकार झाला. आणि मध्ये कोण, तर नवा भागीदार डनलॅप, जो मुळात नाटकं लिहायला आला होता.

समोर पर्याय दोनच होते. एक, दुकान सांभाळायचं आणि लेखक म्हणून कंपनीला नाटकं द्यायची. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या प्रयोगाचं उत्पन्न लेखकाला, नाटक तिसऱ्या रात्रीपर्यंत टिकलं तर. दोन, स्वतः मालक व्हायचं, म्हणजे कुठलं नाटक लागणार हे ठरवायचं आपल्या हातात येईल. त्याने दुसरा घेतला आणि त्याचं कारण मला पूर्ण पटतं, कारण पहिलं नाटक फक्त भूमिकावाटपावरून पडून राहिलेलं त्याने भोगलं होतं. शिवाय त्याची खरीच श्रद्धा होती की चांगलं थिएटर माणसाला सुधारतं. पण भागी घेताना त्याने नटांची भांडणं, जुनी देणी आणि एका अर्धवट इमारतीची जबाबदारीही घेतली, आणि त्याच्या मागे तारण काय, तर बापाची मिळकत.

आता ती इमारत. पार्क रोवर नवीन थिएटर उभं राहत होतं, पुढे पार्क थिएटर म्हणून प्रसिद्ध झालेलं. सुरुवातीला ११३ भागधारकांनी प्रत्येकी ३७५ डॉलर घातले, म्हणजे बेचाळीस हजारांच्या वर, तेवढ्यात काम होईल असा अंदाज. प्रत्यक्षात खर्च एक लाख तीस हजारांच्या पुढे गेला. आणि करारात भागधारकांना कायम फुकट प्रवेश! म्हणजे कुठल्याही रात्री गावातली पैसेवाली, चांगल्या जागी बसणारी ११३ माणसं एक सेंट न देता आत. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवलं. कारण नाटकाला हमखास येणारा वर्ग हाच असतो, आणि तोच पासवर.

गणित अजून एका बाजूने बघा. १८०० च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या ६०,५१५. थिएटरात जागा साधारण दोन हजार. आठवड्यातून तीन-चार रात्री खेळ. म्हणजे तेच नाटक पंधरा रात्री लावलं तर बघायला माणूसच उरत नाही, दर दोन-तीन दिवसांनी वेगळं काहीतरी पाहिजे, नटांनी सतत नव्या भूमिका पाठ करत राहायच्या. नाटकाचा पुरवठा हीच कंपनीची खरी भूक होती, आणि ती डनलॅपच्या लेखणीला खाऊन गेली असं माझं मत.

कॉकेडची रात्र

नवीन थिएटर २९ जानेवारी १७९८ ला उघडलं, शेक्सपिअरच्या 'अॅज यू लाइक इट'ने, इमारत अजून पुरी व्हायची होती तरी. दोन महिन्यांनी, ३० मार्चला, डनलॅपने आपलं सगळ्यात महत्त्वाचं नाटक लावलं, 'आंद्रे'. त्याने ते १७८९ पासून डोक्यात आणि कागदावर ठेवलेलं होतं.

मेजर जॉन आंद्रे हा ब्रिटिश अधिकारी, अमेरिकन जनरल बेनेडिक्ट अर्नॉल्डच्या फितुरीच्या कारस्थानात पकडला गेलेला, २ ऑक्टोबर १७८० ला फाशी गेलेला. म्हणजे नाटक लागलं तेव्हा मध्ये फक्त साडेसतरा वर्षं गेलेली, आणि प्रेक्षकांत त्या युद्धात लढलेले लोक बसलेले. नाटकात ब्लँड नावाचा तरुण अमेरिकन कप्तान आहे, आंद्रेने एके काळी त्याचा जीव वाचवलेला. तो जनरलकडे, म्हणजे वॉशिंग्टन यांच्याकडे, आंद्रेच्या जिवाची भीक मागतो, जनरल नकार देतात, आणि तो संतापून आपल्या शिरस्त्राणावरचा कॉकेड, म्हणजे सैन्याची खूण असलेलं ते काळ्या रिबिनीचं फूल, उपटून जमिनीवर फेकतो. ह्यात डनलॅपला जे म्हणायचं होतं ते फार मोठं होतं: जनरल बरोबर आहेत, ब्लँडचं दुःखही बरोबर आहे, आणि दोन्ही एकाच स्टेजवर उभं राहू शकतं.

प्रेक्षकांनी हुर्यो केली. आणि ते दिवस बघा, १७९८ चा मार्च, फ्रान्सशी तणातणी सुरू, तोच काळा कॉकेड देशभक्तीचं निशाण बनायला लागलेला. तशा वेळी वॉशिंग्टन यांच्यासमोर तो फेकलेला लोकांना सहन झाला नाही.

त्यात ब्लँड करत होता थॉमस कूपर, गुणी नट पण पाठांतराचा आळशी. आंद्रेच्या गळ्यात पडून रडायच्या जागी त्याला वाक्यच आठवेना, आंद्रेच्या, म्हणजे हॉजकिन्सनच्या, खांद्यावर डोकं ठेवून 'ओ आंद्रे, ओ आंद्रे' करत मध्येच प्रॉम्प्टरला शिव्या घालतोय. डनलॅपने हे सगळं पुढे लिहून ठेवलंय. लेखक विंगेत उभा असताना हे ऐकायचं म्हणजे काय, कल्पना करा.

पहिल्या रात्रीचा गल्ला ८१७ डॉलर. तात्पुरता श्वास घेता येईल इतका. रात्रीत ठरवायचं होतं. पर्याय तीन: नाटक काढून टाकायचं, आहे तसं रेटायचं, किंवा बदलायचं. डनलॅपने बदललं, पुढच्या प्रयोगापासून ब्लँडला पश्चात्ताप होतो आणि तो कॉकेड परत घेतो. छापील प्रतीच्या प्रस्तावनेत हे त्याने उघडपणे सांगितलंय, काही लपवलं नाही. नाटक एकूण तीन रात्री चाललं.

मालक म्हणून त्याने केलं ते समजण्यासारखं आहे. महिना-दोन महिने झालेली इमारत, पगाराची रांग, आणि प्रेक्षक दुखावलेला, कोण रेटेल? पण नाटक बदलूनही वाचलं नाही, म्हणजे किंमत दिली आणि माल मिळाला नाही. माझ्या मते चूक बदल करण्यात नव्हती, चूक वेळेची होती. नऊ वर्षं थांबलेलं नाटक अजून एक सीझन थांबलं असतं.

साथ, आणि जर्मन नाटकं

त्या सीझननंतर हॉजकिन्सन निघून गेला, हॅलम आधीच भागीदारीतून बाजूला होऊन पगारी नट झालेला, आणि डनलॅप एकटा मालक. नेमकी १७९८ च्या उन्हाळ्यात पिवळ्या तापाची साथ आली, न्यूयॉर्कच्या तोवरच्या सगळ्यात वाईट साथींपैकी एक, दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. जो उठून जाऊ शकत होता तो गाव सोडून गेला. डॉक्टर स्मिथने मात्र एका आजारी इटालियन डॉक्टरला आपल्या घरी ठेवून घेतलं, आधी तो गेला, मग सप्टेंबरात स्मिथही गेला, सत्तावीस वर्षांचा. फ्रेंडली क्लबचा प्राणच गेला. थिएटर सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडायचं ते डिसेंबरपर्यंत बंद.

आता नीट बघा ह्या माणसापुढे काय होतं. जिवलग मित्र गेलेला, नवीन इमारत बंद पडलेली, सीझनचे सगळ्यात चांगले महिने बुडालेले. थांबायचं म्हटलं तर मिळकतीतला काही भाग वाचला असता, निदान मला तसं वाटतं. इंग्रजी नेहमीची नाटकं लावायची तर ती प्रत्येक कंपनी लावतेय, त्यांत नवल काही नाही. स्वतःची नवी अमेरिकन नाटकं लिहायची तर 'आंद्रे'चा घाव ताजा. चौथा रस्ता जर्मनीकडून आला. आउगुस्ट फोन कोत्सेबू नावाचा नाटककार लंडनमध्ये धुमाकूळ घालत होता, रडवणारी, संसाराची, चुकलेल्या बायकांना माफ करणारी नाटकं. परदेशी लेखकाला अमेरिकेत कॉपीराइट नव्हता, त्यामुळे द्यायचं काही नाही.

१० डिसेंबर १७९८ ला 'द स्ट्रेंजर' लागलं. तेव्हा डनलॅपला जर्मन येतसुद्धा नव्हतं, हाताशी आलेल्या इंग्रजी मजकुरावरून त्याने रूपांतर केलं. नाटक प्रचंड चाललं आणि ह्या एका नाटकाने थिएटर उघडं ठेवलं असं त्याने नंतर स्पष्ट लिहिलंय. मग तो जर्मन शिकला, आणि सुरू झाला सपाटा, 'लव्हर्स व्हाउज', 'काउंट बेन्योव्स्की', 'फॉल्स शेम', एकामागून एक. १८०० मध्ये 'पिझारो' आलं, ज्याचं इंग्रजी रूप लंडनला शेरिडनने आदल्या वर्षी केलं होतं. ह्या धाग्याचं एक टोक आपल्या घरापर्यंत येतं: शेरिडनच्या 'पिझारो'वरूनच पुढे मराठीत 'राणा भीमदेव' झालं, आणि आपण आजही कुणी आवाज चढवून भाषण ठोकलं की राणा भीमदेवी थाट म्हणतो, तो थाट तिथला. कोत्सेबूच्या नाटकाने न्यूयॉर्क आणि महाराष्ट्र दोन्हीकडे टाळ्या घ्याव्यात ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा निर्णय बरोबर होता का? कंपनीसाठी, शंभर टक्के. पण हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला लिहायचं तर, पन्नासहून जास्त नाटकं ह्या माणसाच्या नावावर आहेत आणि त्यातली निम्म्याच्या आसपास भाषांतरं-रूपांतरं. सकाळी भाषांतर, दुपारी तालीम, रात्री गल्ला. 'आंद्रे'सारखं दुसरं नाटक त्याच्याकडून परत आलं नाही.

४ जुलै १८०३

'आंद्रे' परत आलं ते वेगळ्याच वेषात. १८०३ च्या स्वातंत्र्यदिनाला डनलॅपने त्याचे तुकडे घेऊन 'द ग्लोरी ऑफ कोलंबिया' उभं केलं: आंद्रेला पकडणारे तीन साधे शेतकरी शिपाई पुढे आणले, गाणी घातली, विनोद घातला, शेवटी यॉर्कटाउनची लढाई, तोफा, आणि प्रकाश सोडलेलं वॉशिंग्टन यांचं चित्र, वरून गरुड येऊन डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतोय. तुडुंब चाललं आणि पुढे कित्येक वर्षं ४ जुलै आला की हे नाटक लागायचं.

डनलॅपला ह्याचा आनंद होता असं वाटत नाही. सुट्टीला येणाऱ्या मूर्खांच्या करमणुकीसाठी त्या नाटकाचा अधूनमधून खून होत असतो, अशा अर्थाचं त्याने इतिहासात लिहिलंय, आणि ते वाचताना मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, कारण प्रेक्षक मूर्ख नव्हते. त्यांना आंद्रेबद्दल काहीतरी बघायचं होतंच, फक्त रडणारा कप्तान नको होता.

दिवाळं

१८०३ मध्ये परत पिवळा ताप, परत थिएटर उशिरा. खर्च तोच, पास तेच. तब्येत ढासळलेली. फेब्रुवारी १८०५ मध्ये डनलॅपने थिएटर बंद केलं आणि दिवाळं जाहीर झालं, बापाकडून आलेली सगळी मिळकत धनकोंकडे गेली. वय एकोणचाळीस.

त्यानंतर काय केलं हे मला ह्या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. तो हस्तिदंतावरची छोटी पोर्ट्रेट करत गावोगाव फिरायला लागला, आणि हस्तिदंत रंगासाठी तयार कसा करतात हेच त्याला येत नव्हतं! बॉस्टनमध्ये एडवर्ड मालबोन हा त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान पण त्या कामातला उस्ताद भेटला, आणि त्याने ते शिकवलं. एके काळचा थिएटरचा मालक, एका डोळ्याने, बोटाएवढ्या हस्तिदंताच्या पातळ कापावर चेहरे काढायला नव्याने शिकतोय, आणि पुढे लिहिताना ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव घेऊन सांगतोय.

१८०६ मध्ये कूपरने, तोच पाठांतर न करणारा ब्लँड, पार्क थिएटर चालवायला घेतलं आणि डनलॅपला सहायक मॅनेजर म्हणून पगारावर ठेवलं. १८१० मध्ये इंग्लंडचा मोठा नट जॉर्ज फ्रेडरिक कुक अमेरिकेत आला, मोठा म्हणजे खरंच मोठा, आणि दारूत बुडालेला, तर त्याच्यासोबत दौऱ्यावर राहून त्याला प्रयोगाला उभं ठेवायचं काम डनलॅपकडे आलं. कुक १८१२ ला न्यूयॉर्कमध्येच वारला. डनलॅपने १८१३ मध्ये त्याचं दोन खंडांचं चरित्र छापलं. इथे इतिहासकार सुरू होतो, असं मी धरते. मधल्या काळात १८१४ ते १६ न्यूयॉर्कच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेत, पगारवाटपाची नोकरी, मग बायबलमधल्या प्रसंगांची प्रचंड मोठी तैलचित्रं गाड्यांवर लादून गावोगाव तिकीट लावून दाखवणं, १८२६ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनच्या स्थापनेत भाग. १८२८ ला बावरी थिएटरसाठी 'अ ट्रिप टू नायगारा', ज्यात हडसनच्या प्रवासाचा सरकता रंगवलेला पडदा हाच हिरो होता आणि त्याने प्रस्तावनेत सरळ लिहिलं की मजकूर हा पडद्याला साथ देण्यापुरता आहे.

निकाल

१८३२ मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, 'अ हिस्टरी ऑफ द अमेरिकन थिएटर' आलं. १७५२ पासून साधारण कुकच्या मृत्यूपर्यंतची हकिगत. त्यात जागोजाग रात्रीच्या गल्ल्याचे आकडे आहेत, कुठल्या नाटकाला किती डॉलर, आणि ते आठवणीतून येत नाहीत, ते वहीतून येतात. बुडालेल्या मालकाची वही इतिहासकाराच्या कामाला आली. त्याच पुस्तकात तो ठासून सांगतो की थिएटर व्यापाऱ्यांच्या हातात राहू नये, सरकारने चालवावं, नाहीतर चांगलं नाटक गल्ल्यापुढे हरणारच. पुस्तकी मत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण लिहिणाऱ्याने त्यापायी घर घालवलंय.

२८ फेब्रुवारी १८३३ ला पार्क थिएटरमध्ये डनलॅपसाठी बेनिफिट नाइट, म्हणजे त्याच्या मदतीसाठीचा प्रयोग, झाली, न्यूयॉर्कच्या नागरिकांनी भरवलेली. जुनी इमारत १८२० मध्ये जळली होती, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या नवीन इमारतीत. अडीच हजार डॉलरच्या आसपास जमले. १८३४ ला कलाकारांच्या इतिहासाचे दोन खंड आले आणि तेही आजपर्यंत वापरात आहेत. २८ सप्टेंबर १८३९ ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला. रोजनिशीच्या तीसेक वह्यांपैकी अकरा हाती लागल्या, त्या १९३० मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने छापल्या.

वेगळं काय करता आलं असतं

भागी घेण्याआधी त्याने एक सीझन नुसता मॅनेजर म्हणून पगारावर काम करून बघायला हवं होतं. हॅलम आणि हॉजकिन्सनची भांडणं तेव्हा गावभर माहीत होती, लपलेली नव्हती. आणि दुकानाची मिळकत थिएटरच्या देण्यांपासून कागदोपत्री वेगळी ठेवण्याची काही सोय त्या काळात कितपत मिळाली असती ह्याबद्दल मी जास्त बोलत नाही, पण ११३ पासांचं कलम मात्र भाडं ठरवताना टेबलावर आणता आलं असतं, महिन्यातून अमुक रात्री पास बंद एवढं तरी. आमच्याकडे संस्थेच्या आजीव सभासदांना पहिल्या दोन रांगा द्यायच्या असा नियम होता, तो बदलायला आम्हाला दोन वर्षं भांडावं लागलं, तेव्हा हे सोपं असतं असं मी म्हणत नाही.

'आंद्रे'बद्दल वर लिहिलंच. फक्त एक भर. छापील प्रतीत मूळ प्रवेश आणि बदल दोन्हींची हकिगत त्याने ठेवली म्हणून आज आपण तो निर्णय तपासू शकतो. ते त्याने उत्तम केलं.

आणि इतिहास. डनलॅपने अमेरिकन रंगभूमीची सुरुवात १७५२ ला धरली, हॅलमच्या बापाची मंडळी लंडनहून व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला आली तिथून. ती हकिगत त्याला धाकट्या हॅलमच्या तोंडून मिळालेली, म्हणजे त्याच्याच जुन्या भागीदाराच्या. पण विल्यम्सबर्गमध्ये त्याच्या तीसपस्तीस वर्षं आधीच थिएटर बांधलं गेलं होतं, चार्ल्स्टनला १७३६ मध्ये डॉक स्ट्रीटचं थिएटर उघडलेलं होतं. हॅलमला स्वतःच्या घराण्याच्या आधीचं सांगायचं कारण नव्हतं आणि डनलॅपने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.

पहिल्या प्रयोगाची तारीख तो देतो ५ सप्टेंबर १७५२. आता गंमत अशी की इंग्रजी वसाहतींमध्ये त्याच महिन्यात जुनं कॅलेंडर सोडून नवीन घेतलं, आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर उजाडला. ५ सप्टेंबर १७५२ ही तारीख व्हर्जिनियात झालीच नाही! जाहिरात 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये आली होती, सप्टेंबरचा पहिला शुक्रवार म्हणून, आणि त्या विचित्र महिन्यातला पहिला शुक्रवार येतो १५ तारखेला. जुन्या पेपरची एक प्रत आणि एक पंचांग पुरलं असतं. ज्या माणसाने स्वतःच्या थिएटरचा रात्रीरात्रीचा गल्ला वहीत उतरवून ठेवला, त्याने इथे मात्र म्हाताऱ्या सोबत्याच्या आठवणीवर विसंबून तारीख लिहिली.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट हॅलमने त्याला सांगितलेली. नाटक 'द मर्चंट ऑफ व्हेनिस', धाकटा हॅलम तेव्हा बारा वर्षांचा, त्याला एका नोकराची छोटीशी भूमिका, एकच वाक्य. स्टेजवर आला, समोर माणसं बघितली, वाक्य घशातच राहिलं, आणि रडत रडत विंगेत पळाला. तारीख चुकली तरी ह्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो, कारण पुढे आयुष्यभर हिरो म्हणून मिरवलेला माणूस हे स्वतःबद्दल उगाच रचून सांगणार नाही.